गेराइंट थॉमसचं कार्डिफमधलं स्वागत: किल्ल्यावर की मेन्डीच्या ट्रॅकवर?

घाटवेडा
२०१८ च्या ऑगस्टमधली कार्डिफची गर्दी सायकलप्रेमींना आठवत असेल. २९ जुलैला पॅरिसमध्ये गेराइंट थॉमसने टूर द फ्रान्स जिंकली आणि ९ ऑगस्टला त्याच्या गावाने त्याला घरी बोलावलं. आधी कार्डिफ बेवर सेनेडपाशी, म्हणजे वेल्सच्या विधिमंडळाच्या इमारतीपाशी, सरकारी स्वागत झालं. मग शहराच्या मध्यातल्या सेंट मेरी स्ट्रीट आणि हाय स्ट्रीटवरून स्वतः सायकल चालवत तो कार्डिफच्या किल्ल्याकडे गेला. दोन्ही बाजूंना हजारो माणसं आणि जिकडे बघावं तिकडे वेल्सचे लाल ड्रॅगनचे झेंडे.

सायकलपटूची मिरवणूक सायकलवरून निघाली हे मला शंभर टक्के पटतं. शेवट किल्ल्यावर झाला, तो मात्र पटत नाही. किल्ला रग्बीवाल्यांचाही आहे, पर्यटकांचाही आहे. थॉमस घडला तो किल्ल्यापासून दोनेक किलोमीटर उत्तरेला, मेन्डीच्या उघड्या ट्रॅकवर, मेन्डी फ्लायर्स या मुलांच्या क्लबात. ल्यूक रो, ओवेन डूल, एलिनॉर बार्कर हे सगळे त्याच क्लबातून पुढे आलेले. मिरवणूक तिथे संपायला हवी होती, असं माझं मत. जाणकारांनी लिहावं: हे जमण्यासारखं होतं का? आणि सायकलवरून मिरवणूक काढायची तर नेमकं काय काय लागतं?

पंक्चरवाली
धागा आवडला. मेन्डीबद्दल +१. शाळेचंही नाव घ्या की! व्हिटचर्च हायस्कूल. फुटबॉलवाला गॅरेथ बेल, रग्बीवाला सॅम वॉरबर्टन आणि थॉमस, तिघे एकाच शाळेचे.

नगररचना
घाटवेडा, भावना समजते, पण जागेचं गणित वेगळं आहे.

सेंट मेरी स्ट्रीट आणि हाय स्ट्रीट मिळून एक सरळ पट्टा होतो आणि त्याच्या टोकाला थेट किल्ला दिसतो. मध्यवर्ती भाग असल्याने तिथे वाहनांना आधीच बरीच बंदी. रेल्वे स्टेशन दक्षिणेच्या टोकाशी, चालत काही मिनिटांवर. दऱ्याखोऱ्यांतल्या गावांतून गाडीने आलेले लोक उतरले की समोरच मिरवणूक. मेन्डीला जायचं तर नॉर्थ रोडसारखा वाहता रस्ता बंद करावा लागतो. मेन्डीचा ट्रॅक वस्तीत आहे, भोवतीचे रस्ते अरुंद. हजारो माणसं आत घ्यायची तर आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे मार्ग वेगवेगळे हवेत, आणि तेही रुंद.

आता सायकल मिरवणुकीचा हिशोब. समजा पट्टा ५०० मीटरचा आहे. दोन्ही बाजूंनी कठडे म्हणजे १,००० मीटर. नेहमीचा लोखंडी कठडा साधारण २.३ मीटर लांब असतो, म्हणजे ४३५ नग. गल्ल्यांच्या तोंडाशी उघडबंद करायला आणि वाकलेला बदलायला वीस-पंचवीस जास्तीचे धरा. मधली मोकळी वाट निदान ३ मीटर हवी, मुलं जोडीने चालवणार असतील तर ४. लोक हात आणि मोबाइल आत काढतात, त्यात प्रत्येक बाजूचा अर्धा मीटर सहज जातो.

सगळ्यात जास्त चूक होते ती कठड्याच्या पायांत. स्वस्त कठड्यांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले असतात. पायी मिरवणुकीत त्याचं काही वाटत नाही. सायकलचं पेडल मात्र खाली आलं की जमिनीपासून वीतभरही उंच नसतं, ते त्या पायात अडकतं आणि स्वार सरळ पुढे फेकला जातो. सायकल असेल तिथे रस्त्याच्या बाजूला सपाट पाय असलेलेच कठडे मागवायचे आणि ते एकमेकांत नीट अडकवायचे. २०२० साली टूर ऑफ पोलंडमध्ये कातोवित्सेच्या अंतिम रेषेपाशी फॅबियो याकोब्सन कठड्यांवर आदळून जीवघेणा जखमी झाला. त्यानंतर कठडे कसे असावेत यावर सायकल जगतात गंभीरपणे बोलणं सुरू झालं. मिरवणुकीचा वेग कमी असतो, पण स्वाराचं लक्ष रस्त्यावर कमी आणि माणसांकडे जास्त असतं.

शर्यतवाचक
शर्यतीच्या नियमांनुसार अंतिम रेषेच्या आधी ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर कठडे सक्तीचे आहेत. मिरवणुकीला असा नियम नाही, म्हणून तिथे आयोजकाच्या समजुतीवर सगळं अवलंबून.

आडवाटेचा
मी उलट बाजू मांडतो. उघडी बस चांगली. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसाच्या डोक्याइतक्याच उंचीवर असतं, वाकला तर आणखी खाली. म्हणजे पहिल्या दोन रांगांनाच तो दिसतो. तिसऱ्या रांगेतल्या मुलाला फक्त समोरच्याची पाठ. दुमजली उघड्या बसवरचा माणूस चार-पाच मीटर उंचावर असतो, दहाव्या रांगेतूनही दिसतो. लोक कामधंदा सोडून येतात ते त्याला बघायला. त्याचं वाहन बघायला येत नाहीत.

नगररचना
मुद्दा रास्त आहे, आणि त्यात वेगाची भर घाला. ताशी ९ किलोमीटरने ५०० मीटर म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. लोक दोन तास उभे राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद येतात. म्हणूनच शेवटी उंच मंच आणि मोठा पडदा लागतो. किल्ल्यासमोर तो मांडता येतो, कारण तिथे रस्ता रुंद होतो. एका चौरस मीटरला दोन माणसं असतील तर लोक मोकळेपणी उभे राहतात. चारच्या पुढे गेलं की ढकलाढकलीची लाट तयार होते आणि पुढच्या रांगेतल्यांच्या छातीत कठडा रुततो. अशा वेळी मागून येणारा लोंढा आधी थांबवायचा, पुढच्यांना ‘मागे सरका’ म्हणून काही होत नाही.

वाटेत दोन ठिकाणी ठरवून थांबे घेतले तर बघणाऱ्यांचं समाधान वाढतं. ते थांबे जाहीर मात्र करायचे नाहीत, नाहीतर सगळी गर्दी तिथेच.

स्पोकतुटी
यांत्रिक बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो.

शर्यतीची सायकल जोरात चालवायला बनवलेली असते. टूरला त्या वर्षी थॉमसच्या संघाकडे पिनारेलो डॉग्मा एफ१० होत्या, रिम ब्रेकवाल्या. अशा सायकलवर ताशी ६-७ किलोमीटरने चालायचं म्हणजे तोल सांभाळत बसायचं. हँडल डावं-उजवं होत राहतं, आणि शेजारी कोणी असेल तर हँडलला हँडल लागतं. उपाय सोपा आहे. पुढे लहान चकती आणि मागे मोठं दातेरी चाक. ३४ ला २८ लावलं तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी ९ किलोमीटर. इतक्या वेगाला सायकल सरळ राहते आणि एका हाताने अभिवादनही करता येतं. हात हलवायचा तो मागच्या ब्रेकचा हात हँडलवर ठेवून. पुढचा ब्रेक एका हाताने जोरात दाबला तर मागचं चाक उचलतं. ब्रिटिश पद्धतीच्या जोडणीत उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, युरोपातल्या बहुतेक संघांत डावा. म्हणून मिरवणुकीत दुसऱ्याची सायकल उसनी घेऊन चालवू नये.

दुसरी भीती रंगीत फितींची. कागदी तुकडे त्रास देत नाहीत, चाकाने उडून जातात. चमकी लावलेल्या प्लास्टिकच्या लांब फिती मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गियर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाच्या, छोट्या चाकांत गुंडाळल्या जातात. दोन-तीन फेऱ्यांत साखळी अडकते, आणि नेट लावून पेडल मारलं तर डिरेलरला धरून ठेवणारा हँगर वाकतो. हँगर वाकल्यावर गियर टाकताना साखळी आऱ्यांत जाऊ शकते. म्हणून फितींची तोफ स्वार सायकलवरून उतरून मंचावर चढल्यावर उडवायची. शॅम्पेनचंही तसंच: साखळी चिकट होते, आणि बाटली फुटली तर काचेचे कण बारीक टायरात रुततात.

तिसरी गोष्ट बुटांची. शर्यतीच्या बुटांच्या तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा, असते. गुळगुळीत फरशीवर ती काचेसारखी घसरते. मंचाच्या पायऱ्यांवर रबरी चटई हवी, किंवा वर चढण्याआधी साधे बूट द्यायचे.

खडखड
गटारांच्या जाळ्या राहिल्या. पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर २५ मिलीमीटरचं टायर सरळ आत. आदल्या दिवशी मार्गावर चालत जाऊन खडूने खुणा करायच्या आणि तिथे लाकडी फळी किंवा जाड रबर टाकायचं.

नवखा स्वार
प्रश्न बाळबोध असेल, पण विचारतो. थॉमस तर क्रिस फ्रूमचा मदतनीस होता ना? मग तो जिंकला कसा? फ्रूम आजारी होता का?

शर्यतवाचक
बाळबोध अजिबात नाही. त्या जुलैत अर्ध्या युरोपाला हाच प्रश्न पडला होता.

फ्रूम आजारी नव्हता, पण मे महिन्यात इटलीची जिरो शर्यत जिंकून आला होता. पहिल्याच टप्प्यात पडून त्याने वेळ गमावली. थॉमस त्याआधी जूनमध्ये फ्रान्समधली डॉफिने शर्यत जिंकलेला, म्हणजे तयारी पूर्ण होती. तिसऱ्या टप्प्यात शोलेची ३५.५ किलोमीटरची सांघिक वेळशर्यत झाली. तिथे बीएमसी संघ जिंकला आणि थॉमस-फ्रूमचा स्काय संघ अवघ्या ४ सेकंदांनी मागे राहिला. नवव्या टप्प्यात रूबेचे दगडी रस्ते आले. त्या दगडांची थॉमसला जुनी ओळख, २००४ साली त्याच दगडांवरची ज्युनियर पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली आहे. जिथे डोंगरवाले हमखास वेळ घालवतात, तिथे त्याने काहीच गमावलं नाही.

मग आल्प्स. अकराव्या टप्प्यात ला रोझिएरला तो जिंकला आणि एकूण आघाडीची पिवळी जर्सी घेतली. दुसऱ्याच दिवशी पिवळ्या जर्सीत आल्प द्युएझ जिंकला. त्या चढावर जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. टप्पा जिंकला की १० सेकंदांची सूट मिळते, दुसऱ्याला ६ आणि तिसऱ्याला ४. त्यामुळे शेवटच्या शंभर मीटरमधला झटका दुप्पट कामाचा. ट्रॅकवर घडलेल्या माणसाकडे तो झटका असतो, निव्वळ डोंगरवाल्याकडे सहसा नसतो. इथे मेन्डीचा संबंध थेट लागतो.

सतराव्या टप्प्यात, ६५ किलोमीटरच्या छोट्या पण जीवघेण्या दिवशी, कॉल द्यु पोर्तेवर फ्रूम मागे पडला आणि संघाचा नेता कोण हा प्रश्न निकाली निघाला. विसाव्या टप्प्यातली एस्पलेतची ३१ किलोमीटरची वेळशर्यत टॉम ड्युमूलँने जिंकली. फ्रूम एका सेकंदाने दुसरा, थॉमस १४ सेकंदांनी तिसरा. एकूण वेळ ८३ तास १७ मिनिटं १३ सेकंद. ड्युमूलँ १ मिनिट ५१ सेकंद मागे, फ्रूम २ मिनिटं २४ सेकंद मागे.

आणि हे विसरू नका: २००७ साली तो पहिल्यांदा टूरला आला तेव्हा १४१ जणांत १४०वा होता.

पंक्चरवाली
१४०वा ते पहिला! कंबरेचं हाड मोडलेलं असताना २०१३ ची टूर त्याने पूर्ण केली. २०१७ ला पहिल्याच टप्प्यात पिवळी जर्सी, आणि नवव्या टप्प्यात हासळीचं हाड मोडून घरी. गावाने इतकं डोक्यावर का घेतलं ते यातून कळतं. जिंकण्याआधीची पडझड गावाने पाहिलेली होती.

जुनी सायकल
‘वेल्सचा पहिला टूरविजेता’ असं सगळीकडे लिहितात, तेव्हा मला एक नाव पुढे करावंसं वाटतं: निकोल कुक. जन्म स्वान्सीचा, वाढली विक या गावात, कार्डिफच्या पश्चिमेला. २००६ आणि २००७, दोन्ही वर्षी तिने ग्रांद बूक्ल, म्हणजे फ्रान्समधली तेव्हाची स्त्रियांची मोठी शर्यत, जिंकली. थॉमसच्या आधी, टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश असलेल्या विगिन्सच्याही आधी. १० ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये भर पावसात ऑलिंपिकची रस्ता-शर्यत जिंकली. शेवटच्या ओल्या वळणावर ती मुद्दाम सावध राहिली, मागे पडली, आणि मग चढावर एकेकीला मागे टाकत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात वारेसेला मारियान व्हॉसला हरवून जगज्जेती झाली. ऑलिंपिक आणि जागतिक रस्ता-विजेतेपद एकाच वर्षी मिळवणारी ती पहिली, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही धरून.

किल्ल्यासमोरची गर्दी मोजताना तिच्यासाठी किती रस्ते बंद झाले होते, हेही विचारायला हवं.

आडवाटेचा
कुकबद्दल आदर आहेच. पण ग्रांद बूक्ल आणि टूर एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तिच्या काळात ती शर्यत काही दिवसांवर आलेली होती, पैसा नव्हता, आणि टूरचं नावही वापरता येत नव्हतं. थॉमसने २१ टप्पे आणि ३,३५१ किलोमीटर केले.

जुनी सायकल
शर्यत लहान होती हे खरं. ती लहान कोणी ठेवली? तिने तर नाही. स्त्रियांसाठी टूरच्या आयोजकांनी पूर्ण बळ लावून शर्यत परत सुरू केली ती २०२२ साली. कुक जानेवारी २०१३ मध्ये, तिशीच्या आत निवृत्त झाली. तिच्यासमोर जी सर्वात मोठी शर्यत होती ती तिने दोनदा जिंकली, याहून जास्त कोणी काय करायचं?

तिरपा ट्रॅक
जुनी सायकल यांच्याशी सहमत. आणखी मागे गेलात तर अ‍ॅबरडेअरच्या खोऱ्यात जावं लागेल. आर्थर लिंटन १८९६ च्या बोर्दो-पॅरिस शर्यतीचा संयुक्त विजेता. अ‍ॅबरामनचा जिमी मायकल १८९५ ला कोलोनमध्ये जगज्जेता. कोळशाच्या खोऱ्यातली पोरं.

मूळ प्रश्नाकडे येतो. मेन्डीचा ट्रॅक नेमका काय आहे हे कळलं तर घाटवेडा यांचा मुद्दा नीट समजेल. पूर्वी तिथे चिकणमातीची खाण होती. खड्ड्यात पाणी साचून तळं झालं, त्यात माणसं बुडून गेली. मग तो भरून काढून १९५१ ला स्टेडियम उभं राहिलं. १९५८ च्या एम्पायर गेम्सच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल खेळांच्या, सायकल शर्यती इथेच झाल्या. ट्रॅक उघडा आहे, सुमारे ४६० मीटरचा, उतार सौम्य. शेजारच्या न्यूपोर्ट शहरातला ट्रॅक बंदिस्त, लाकडी, २५० मीटरचा आणि वळणावर ४२ अंशांचा. थॉमसच्या टूर विजयानंतर न्यूपोर्टच्या त्या ट्रॅकला त्याचंच नाव दिलं.

शिकणाऱ्या मुलासाठी मेन्डी सोयीची, कारण सौम्य उतारावर वेग कमी असला तरी चाक घसरत नाही. ४२ अंशांवर वेग ताशी तिशीच्या खाली आला की टायर लाकडावरून निसटतं. आठ-दहा वर्षांचं मूल आधी मेन्डीसारख्या ठिकाणी गटात चालवायला शिकतं: पुढच्याच्या मागच्या चाकापुढे आपलं पुढचं चाक जाऊ द्यायचं नाही, वळणात पेडल थांबवायचं नाही, बाजूला सरकण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं. या तीन सवयी अंगात भिनल्या की पुढे जगात कुठल्याही घोळक्यात माणूस टिकतो.

नवखा स्वार
मग मिरवणुकीत क्लबची मुलं ट्रॅकच्याच सायकली घेऊन आली तर किती शोभा येईल!

तिरपा ट्रॅक
नाही आणता येणार. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, मागचं चाक पेडलशी घट्ट जोडलेलं असतं, फ्रीव्हील नसतं. ब्रिटनच्या कायद्यानुसार रस्त्यावरच्या सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. घट्ट जोडलेलं मागचं चाक एक ब्रेक म्हणून धरतात, पण पुढचा हवाच. रस्ता बंद असला तरी मुलांच्या बाबतीत हा नियम मोडायचा नाही. गर्दीतून एखादं पोर मध्ये धावलं तर फक्त पायाच्या जोरावर थांबता येत नाही.

मुलांना सोबत घ्यायचं तर साधारण असं: २० मुलं, दोन-दोनच्या दहा रांगा. सायकल १.७ मीटर आणि मध्ये २ मीटर मोकळे, म्हणजे एकूण ३५ मीटरचा ताफा. चारही कोपऱ्यांवर मोठे प्रशिक्षक, एक सगळ्यात मागे. विजेता मुलांच्या पुढे एकटा. त्याला मुलांच्या मध्ये ठेवलं तर सगळी त्याच्याकडे बघतात आणि एकमेकांच्या चाकांत घुसतात. हँडलच्या टोकांना बुचं आहेत ना, हे प्रत्येक सायकलवर हात लावून बघायचं. उघडी नळी पडणाऱ्याच्या पोटात घुसते. झेंडा काठीला लावून मुलांच्या हातात द्यायचा नाही, अंगावर उपरण्यासारखा पण आखूड बांधायचा, टोक चाकापर्यंत पोचता कामा नये.

स्पोकतुटी
उत्तम. यात एकच भर: मुलांच्या टायरमध्ये आदल्या रात्री हवा भरून ठेवायची आणि सकाळी परत अंगठ्याने दाबून बघायची. मिरवणुकीतलं पंक्चर म्हणजे मागच्या सगळ्यांची साखळी-टक्कर.

खडखड
सत्काराचा विषय आहे तर ट्रॉफीचंही बोलू. थॉमसची टूरची ट्रॉफी त्याच सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या एका सायकल प्रदर्शनातून चोरीला गेली, आवराआवर चालू असताना. प्रदर्शन चालू असताना सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात. धोका असतो तो कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या उचलतात त्या अर्ध्या तासात. म्हणून मिरवणुकीत ट्रॉफी कोणाच्या हातात, कोणाकडून कोणाकडे जाणार, हे नावानिशी कागदावर हवं. ठेवायची पेटी मंचामागेच हवी. कार्यक्रम संपला की पहिली पेटीत जाते ती ट्रॉफी, मग माइक, मग बाकीचं.

पंक्चरवाली
स्वागत दहा-अकरा दिवसांनी का? लगेच का नाही?

शर्यतवाचक
टूर संपली की विजेत्याला बेल्जियम-हॉलंडमधल्या गावोगावच्या प्रदर्शनीय शर्यतींची आमंत्रणं येतात, ती याच आठवड्यात असतात. शिवाय टूरचा निकाल शेवटच्या शनिवारपर्यंत पक्का नसतो. दगडी रस्त्यावर पडला, हाड मोडलं, की सगळं संपलं. त्याआधी रस्ताबंदीच्या जाहीर सूचना काढणं कोणालाही बरं वाटत नाही. निकालानंतर कामाला लागलात तर पोलीस, रुग्णवाहिका, बसमार्ग बदल, कठडे, स्वयंसेवक जमवायला आठवडा-दीड आठवडा लागतोच. कार्डिफने वेळेत केलं असं माझं म्हणणं. महिनाभर लांबवलं असतं तर उत्साह ओसरला असता.

त्यानंतर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच टूर ऑफ ब्रिटनचा पहिला टप्पा वेल्समध्ये झाला, पेम्ब्री ते न्यूपोर्ट. ज्यांना कार्डिफला जमलं नाही त्यांना थॉमस त्यांच्याच रस्त्यावर दिसला.

कार्डिफस्थ
इथे शिकायला आलेले मराठी विद्यार्थी बरेच आहेत, म्हणून बघण्याच्या जागा सांगून ठेवतो. कॅथेजला विद्यार्थ्यांची मोठी वस्ती आहे आणि मेन्डी तिथून चालत जाण्यासारखी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर सुवर्णविजेत्यांच्या गावी एकेक टपालपेटी सोनेरी रंगवली होती, थॉमसची कार्डिफच्या मध्यवर्ती भागात आहे. न्यूपोर्टचा ट्रॅक ट्रेन आणि मग बस. पाय चांगले असतील तर केरफिली माउंटनचा चढ करा. लांबी दीड किलोमीटरच्याही आत, पण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीलाच जोर लावलात तर वरचा भाग चालत जावा लागतो. पहिली ५०० मीटर मुद्दाम हळू घ्यायची.

आता मेन्डीबद्दल. शेजारच्या कॅथेज हायस्कूलसाठी मेन्डीच्या जागेवर नवी इमारत बांधायची आणि ट्रॅक कार्डिफ बेकडच्या स्पोर्ट्स व्हिलेजमध्ये न्यायचा, असा स्थानिक परिषदेचा आराखडा पुढे आला. रहिवाशांनी त्याला जोरदार विरोध केला. शाळेला जागा हवी हे खरं. पण नवा ट्रॅक कितीही चांगला झाला तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. मेन्डीला मुलं एकटी सायकलने येऊ शकतात. कार्डिफ बेला त्यांना गाडीतून आणावं लागेल, म्हणजे ज्यांच्या घरी संध्याकाळी गाडी आणि वेळ दोन्ही आहे त्यांचीच मुलं येणार.

घाटवेडा
हाच माझा मुद्दा! २०१८ ला मिरवणूक मेन्डीवर संपली असती तर त्या ट्रॅकला हात लावणं कोणालाही जड गेलं असतं.

आडवाटेचा
याबाबतीत मी तुमच्या बाजूला येतो. बस बाजूला ठेवू. ज्या जागेवर कॅमेरे जातात तिची किंमत लोकांना कळते.

नगररचना
आणि २०२५ ला नेमकं ते झालं, हे कोणी लिहिलंच नाही. थॉमसने फेब्रुवारीत निवृत्ती जाहीर केली. त्याची शेवटची शर्यत टूर ऑफ ब्रिटन, शेवटचा टप्पा ७ सप्टेंबरला न्यूपोर्ट ते कार्डिफ, सुमारे ११२ किलोमीटर. सुरुवात त्याच्याच नावाच्या ट्रॅकपासून, मध्ये केरफिली माउंटन दोनदा, आणि कार्डिफमध्ये शिरताना मार्ग मेन्डीच्या जवळून आखलेला.

२०१८ ला अडचणीच्या ठरल्या असत्या त्या सगळ्या गोष्टी शर्यतीमुळे सुटल्या. राष्ट्रीय शर्यत म्हटली की रस्ताबंदी, मोटरसायकलवरचे पोलीस, रुग्णवाहिका, कठडे सगळं आयोजकांच्या जबाबदारीत येतं. प्रेक्षक एकाच ठिकाणी न दाटता सगळ्या मार्गावर पांगतात. मेन्डीपाशी लोकांना तो जाताना दिसला तर पुरे, तिथे मंच लागत नाही. घाटवेडा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मिरवणूक म्हणून मेन्डी अवघड होती, शर्यतीचा मार्ग म्हणून सोपी.

जुनी सायकल
मग पुढची मागणी माझी. विकच्या गावातून स्त्रियांच्या शर्यतीचा एक टप्पा जाऊ दे.

तिरपा ट्रॅक
याला दुमत असायचं कारण नाही. वेल ऑफ ग्लॅमॉर्गनचे रस्ते अरुंद आणि कुंपणांमधले, घोळका आपोआप लांब होतो. समुद्राकडून आडवा वारा आला तर टप्पा तिथेच फुटेल. शर्यत म्हणूनही उत्तम.

घाटवेडा
नगररचना, हे पटलं. आपल्याकडे नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली, नागपूरच्या अमित समर्थांनी २०१७ ला एकट्याने. आपल्याकडच्या अशा सत्कारांच्या मांडवात सायकल क्वचितच दिसते. पुढच्या वेळी कोणी आयोजन करत असेल तर वरचे नगररचना, स्पोकतुटी आणि तिरपा ट्रॅक यांचे प्रतिसाद छापून समितीला द्या. आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची लागेल: फटाक्यांची लड रस्त्यावर लावतात, तिचे जळके कागद ओले झाले की बारीक टायरखाली साबणासारखे होतात. लड मार्गावर लावायचीच नाही.

स्पोकतुटी
आणि गुलालसुद्धा नाही. साखळीच्या तेलात गुलाल गेला की घोटून घोटून त्याचा लगदा होतो, डिझेलने दोनदा धुतल्याशिवाय निघत नाही. उधळायचाच असेल तर सायकल आधी बाजूला उभी करा आणि मग माणसाला रंगवा.